पुढच्या खोलीतली स्पेशल एडिशन

...आणि वर मलाच म्हणतात, आवाज कमी कर! का म्हणून? अकरा वर्षं... अहो, अकरा वर्षं आमच्या पुढच्या खोलीत, सोफा आणि कपाटाच्या मधे, मोटारसायकल उभी आहे! खोलीत! पाहुणे गुडघे तिरपे करून बसतात. आमचे हे सकाळी उठले की आधी तिला पुसणार, मग स्वतःचा चष्मा. का? तर म्हणे, स्पेशल एडिशन! कंपनीनं पाचशेच काढल्या, हिरवी टाकी, सोनेरी रेघ, हँडलपाशी पितळी पट्टी, तिच्यावर नंबर दोनशे चौदा. चालवायची नाही हं, झिजते! बाहेर ठेवायची नाही, उन्हानं रंग उडतो! म्हणजे हे बसला लोंबकळत ऑफिसला जाणार आणि ही पंख्याखाली! पण मला काय करायचंय म्हणा!

तर सासूबाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, जिना बंद, पलंग खाली आणा. खाली कुठं? कपाळावर? हे दोन दिवस नुसते गाडीच पुसत बसले. तिसऱ्या दिवशी स्वतःच गाडी विकायची जाहिरात लिहायला बसले आणि मला विचारतात कसे, "अगं, 'जिवापाड सांभाळलेली' असं लिहू का?" म्हटलं, लिहा बाई, मला काय करायचंय!

रविवारी गिऱ्हाईक आलं. निवृत्त फिटर, काडीसारखा माणूस, बोलणं एवढं हळू की आपणच पुढं वाकावं. ना नमस्कार ना चमत्कार, पिशवीतून काढलं काय, तर टॉर्च, भिंग, दाढीचा आरसा आणि एक वही! "वहिनी, जरा दिवा लावता?" आणि मी नुकत्याच पुसलेल्या फरशीवर हा माणूस उताणा! आमचे हे शेजारी उकिडवे, तोंडभर हसत, जणू लेकीला बघायला आलेत.

फिटरनं सोनेरी रेघेवरून नख फिरवलं. "ही हातानं मारलेली असते साहेब. ही चिकटवलेली आहे. नख अडकतंय बघा."

"ते... वरून संरक्षण असेल," आमचे हे.

"पट्टीला रिबिट असतात. हिला स्क्रू आहेत."

"ढिली झाली असेल, कुणी बसवली असेल..."

मग सीट काढली, टाकीखाली आरसा धरला, टॉर्च मारली. "आत लाल रंग आहे साहेब." टाकी आतून लाल आणि आमचे हे बाहेरून पांढरे!

आणि तुम्हाला सांगते, माझं डोकंच फिरलं! ज्या गाडीला मी अकरा वर्षं शिव्या घातल्या, तिला हा परका माणूस खोटी म्हणतो? मी आहे ना म्हणायला! म्हटलं, "अहो, तुम्ही कोण लागून गेलात? भिंग घेतलं की झालात मोठे!"

तर तो शांत! "रागावू नका वहिनी. साहेबांनी कौतुकानं फोनवर चेसिस नंबर दिला होता. मी कंपनीला कळवला. हे त्यांचं उत्तर." मोबाईल पुढं धरला. साधं मॉडेल. रंग लाल. स्पेशल एडिशन निघायच्या दोन वर्षं आधीचं!

मी यांना विचारलं, "घेताना तुम्ही बघितलं तरी काय होतं?"

हे खाली बघून म्हणाले, "सीट उघडा म्हटलं होतं मी. तो गाडीविक्या म्हणाला, साहेब, तुम्हाला काय दाखवायचं, तुम्ही जाणकार दिसता..." मग पितळी पट्टीवरून बोट फिरवत पुटपुटले, "मला तोवर कुणी जाणकार म्हटलं नव्हतं गं."

अहो, तेवीस वर्षं संसार केलाय मी, मी तरी कधी म्हटलं होतं का? तो गाडीविक्या त्या क्षणी समोर असता ना, तर सीटसकट उचलून... जाऊ दे. मला काय करायचंय!

तेवढ्यात फिटर म्हणतो, "इंजिन मात्र नव्यासारखं ठेवलंय. साध्या गाडीच्या भावात घेतो." आणि आमचे हे काय करतात? मान हलवतात! किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवतात! आणि तो मेला बसल्या बसल्या नखानं ती सोनेरी रेघ सोलायला लागला हो! "ही खोटी कशाला ठेवायची," म्हणे. टर्रकन आवाज आला आणि यांनी डोळे मिटले.

"हात काढा!" मी ओरडले. किल्ली माझ्या मुठीत! "विकायची नाही!"

"पण वहिनी, जाहिरात तर..."

"वहिनी वहिनी करू नका! रेघ खोटी असेल, अकरा वर्षं रोज पुसली ते काय खोटं होतं? उचला तो आरसा!"

गेला बिचारा. सोफा वर गेला, पलंग खाली आला, आता पाहुणे उभ्यानंच चहा पितात. आमचे हे परत फडकं घेऊन बसले. आणि सासूबाई पलंगावरून रोज विचारतात, "सूनबाई, ही गाडी जायची होती ना गं? अडवली कुणी?"

सांगा आता... मी भांडू तरी कुणाशी?