जड डबा

२००९ सालचा वैशाख. नागभीडला आमच्या घरी इंटरनेट आलं, पण वायर पुढच्या खोलीतच. पोरगी परीक्षेचा अभ्यास करायची आतल्या खोलीत. म्हणून वायफायचा राउटर आणायला मी चंद्रपूरला गेलो. जन्मभर मासोळ्या विकल्या मी. दोन डबे हातात तोलले आणि जड होता तो उचलला.

दुकानातली बाई हसली. "भाऊ, हे मासोळी नाई! घराच्या भिंती कायच्या?"

"मातीच्या. दीड हात जाड."

"मंग हा महागाचा काऊन नेता? येवढ्या भिंतीतून तोही पोचत नाई. साधा न्या अन् मधल्या दारावर टांगा."

मला राग आला, पण ऐकलं. आतल्या खोलीत इंटरनेट चाललं. पोरगी पास झाली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी ओल्या पोत्यात जिवंत मरळ मासोळी घेऊन दुकानात गेलो.

"हे तोलून पाहा, बाई," म्हटलं, पोतं तिच्यापुढं ठेवलं आणि परतीची बस धरली.