माझ्या बिअरच्या फ्रिजातल्या सासूबाई

विष नसतं हो त्यांना! ठाऊक आहे! बायको लेसिया उठता-बसता तेच ऐकवते. पण तुम्हाला सांगतो, तळघरातला फ्रिज माझा होता! घरात माझं म्हणावं असं तेवढं एकच… बाकी सोफ्यापासून कुत्र्यापर्यंत सगळं लेसियाचं! आणि ऑक्टोबरात बघतो तर माझ्या बिअरच्या बाटल्या जिन्यावर, आणि फ्रिजात दोन डबे. डब्यांत काय? साप! अंगावर पट्टे असलेले गार्टर साप, एक नर, एक मादी!

लेसिया म्हणते, "हिवाळाभर गारठ्यात झोपले नाहीत तर पिल्लं कशी होतील रे?" म्हणजे सापांचा संसार मार्गी लागावा म्हणून मी कोमट बिअर प्यायची? बरं, मादीचं नाव ओलेना. ओलेना कोण? माझी आई! "सासूबाईंसारखीच आहे, जरा हात लावला की फणकारते… आणि दार हळू लाव, झोपल्यात त्या!"

बाटल्या बाहेर ओसरीवर ठेवल्या. कॅनडातलं मॅनिटोबा, त्यात जानेवारी, उणे तीस! सकाळी सगळ्या फुटलेल्या. बोंब मारली तर उत्तर काय? "विष नसतं त्यांना!" अहो, मी विचारलं का ते?

तशात कर्लिंगचा, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाचा, सामना जिंकून आमची टोळी घरी आली. कप्तान हॅल्डोर, हा एवढा धिप्पाड गडी, सवयीने थेट फ्रिजपाशी! "खारवलेली हेरिंग मासळी दिसतेय," म्हणत झाकण उघडलं, हात घातला… मी मनात म्हटलं, आता हा किंचाळणार, साप घराबाहेर, फ्रिज माझा! हाताच्या उबेने ओलेना जागी झाली आणि सोडला की तिने, घाबरले की हे साप सोडतात तो घाणेरडा वास, थेट त्याच्या जर्सीवर! सडकी मासळी बरी! आणि हा काय म्हणतो? "ओरेस्ट, किती गोड आहे रे ही!"

गोड! तेव्हापासून टोळी दर शनिवारी हजर. बूट काढून, चवड्यांवर चालत, कुजबुजत… "झोपल्यात का सासूबाई?" बिअर आणायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही!

म्हटलं, वसंत येईल, फ्रिज मिळेल. आला वसंत, आणि ओलेना लागली फुगायला! ऑगस्टात अंडीबिंडी नाहीत, सरळ वळवळती पिल्लं… ढीगभर! मासेमारीला ठेवलेली माझी गांडुळं बारीक चिरून त्यांना कोण भरवतं? मीच!

परवा गोडीगुलाबीने विचारलं, "लेसिया, यंदा फ्रिज…?"

"यंदा दुसरा लागेल."

"आणि माझी बिअर?"

"सोड की आता! सापांना विष नसतं, ओरेस्ट. विष तुझ्या त्या बाटल्यांत असतं."

काल दुसरा फ्रिज मीच पाठीवरून खाली उतरवला, जागेवर लावला, डबे आत ठेवले… आणि तुम्हाला सांगतो, दारही हळू लावलं!