दीपगृहातला हेमकांत

सन्माननीय अध्यक्षा, आपल्या सरपंच कामिनीताई, व्यासपीठावरील ज्येष्ठ मंडळी, सत्कारमूर्ती हेमकांत, सौ. रुपा, आणि शहादा-नंदुरबारहून वेळात वेळ काढून आलेल्या बंधू-भगिनींनो,

तापीकाठचा माणूस बत्तीस वर्षं कोकणातल्या बंदराचा दिवा सांभाळतो, हे कुणाला खरं वाटेल? हेमकांत माझा चुलतभाऊ. त्याला नोकरी लागली तेव्हा आपल्या निम्म्या गावाने समुद्र कॅलेंडरवरच पाहिलेला! दोधूकाकांचा तो एकुलता एक, घरी केळीची बाग. तिसऱ्याच वर्षी काका मला म्हणाले, "रतिलाल, जाय, तेले घर लई ये. केळी कोण देखी?"

मी गेलो. पोहोचलो त्याच संध्याकाळी वादळी वारा सुटला. होड्या समुद्रात, बायका धक्क्यावर. आणि दिव्याभोवतीचं जुनं, माणसापेक्षा उंच भिंग फिरवणारं यंत्र बंद पडलं. मी म्हटलं, दिवा तर जळतोय, मग बिघडलं काय?

हेमकांत म्हणाला, "भाऊ, आमना दिवा दर दहा सेकंदले चमकस. त्यावरतीन नाखवा बंदर वळखतस. चुकना तं होडी खडकवर जाई. तू मोज, मी ढकलस."

मी घड्याळ धरून मोजत राहिलो, तो भिंग हाताने फिरवत राहिला. दोन तास! माझा घसा बसला, त्याचे खांदे भरून आले. मग खालून बायकांचा एकच गलका उठला. एकवीसच्या एकवीस होड्या धक्क्याला लागल्या होत्या. आम्ही दोघे वरच्या सज्ज्यात उभे राहून लहान मुलांसारखे ओरडलो.

सकाळी एका कोळीणबाईने सुक्या बोंबलांची पिशवी माझ्या हातात कोंबली. मी शाकाहारी, पण नाही कसं म्हणणार? शहाद्यापर्यंत माझ्या शेजारी कुणी बसलं नाही, एवढं सांगतो!

घरी काकांनी विचारलं, "पोऱ्या कोठे शे?" मी सगळं सांगितलं. मग काका म्हणाले, "किती होड्या उन्यात?"

"एकवीस."

"मंग ऱ्हाऊ दे तेले तठेच. केळी मी देखसू."

आज काका नाहीत. असते तर पहिल्या रांगेत बसले असते.

ग्रामपंचायतीचे, मंडपवाल्यांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलताना कुणाचं नाव राहिलं असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. मात्र त्या दिवशी भावाला न घेता परत आलो, त्याची माफी मी मागणार नाही.