फेट्याखालचं कुनी बघितलंय?

आता तुमीच सांगा, त्या तेलवाल्या कंपनीला कुनी बोलीवलतं का? साखरपुडा आमच्या नांदूरघाटच्या गहिनीनाथच्या सायलीचा, फेटे आमचे, बुंदी आमची, फेसबुकावर फोटूखाली सगळे 'अभिनंदन, अभिनंदन' लिवायलेत, त्यात मधीच ही कंपनी येती काय आन् म्हनती काय... 'फेट्याखाली टक्कल लपवताय? आमचं तेल लावा.' बरं, म्हनली तर म्हनली. पर मला गप बसवंना. मी खाली लिवलं, 'सायब, नवरदेवाला एक बाटली पाठवा.' निसती गंमत हो. तर कंपनी लगीच, 'धन्यवाद सर, नवरदेवांचा पत्ता कळवा.'

झालं. सायलीची माय बायनाबाई पदर खोचून माझ्या दारात. 'भावजी, खरं सांगा, तुमाला कायतरी ठावं हाय.' म्हनलं, वहिनी, मस्करी केली. तर म्हनती, 'मंग कंपनी पत्ता कावून मागायली?' आन् तुमाला सांगतो, बाईचं बी खोटं नव्हतं. पोरगा दिंद्रुडचा, अमरसिंह. पोरगी बघायला आलता तवा लई थंडी, तर कानटोपी. साखरपुड्याला फेटा. म्हंजी डोकं बघितलंय कुनी? गहिनीनाथ सोयरीक मोडायला निघाला. तिकडं व्याही विजयसिंहराव फोनवर तापलेले, 'आमच्या पोराच्या डोक्याचा पंचनामा करता व्हय? ऱ्हाऊ द्या तुमची पोरगी.' सायली उशीत तोंड खुपसून मुसमुसायली, पोरगा लई मनात भरलेला तिच्या... आन् हे सगळं कुनामुळं? माझ्याकडं काय बघायलाव? मी घरचा मानूस हाय. त्या कंपनीला कुनी बोलीवलतं का?

शेवटी पोरीनंच डोळे पुसले आन् त्याला फोन लावला, 'थोरल्यांचं भांडन ऱ्हाऊ द्या, बोडक्या डोक्याचा एक फोटू टाका.' त्यानं फेसबुकावरच टाकला. काय सांगू, केस म्हंजी दाट बाजरी, फनी घातली तर फनी हरवंल. बायनाबाईनं फोटू मोठा करकरून बघितला, भांग बघितला, कानामागं बघितलं, मंग कुठं साखर वाटली. व्याही निवळला. मी बी लिवलं, 'शाब्बास पावनं.' गोड झालं की सगळं...

तेवढ्यात मोबाईल टुंग. त्याच फोटूखाली कंपनी हाजीर, 'फरक बघा, आमच्या तेलाची कमाल.'

आता बोंबला. लग्नात नवरदेवाचे केस वढून बघायला अख्खं गाव जमनार, आन् रांगेत पयली बायनाबाई. कंपनीला म्हनाल तर ह्या खेपी बोलीवलंय, मीच, पत्रिका धाडून. न्हाई तरी येनारच हाय की.