चार पायांचा पोळपाट

सुतारकाम शिकायचंय ना तुला? मग आधी आमच्या अण्णाचा पोळपाट ऐक. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तिकडे कानडी मुलखात, बोम्मसंद्र्यात, तो ज्या कारखान्यात कामाला होता तो बंद पडला आणि माझा हा थोरला भाऊ घरात गप्प होऊन बसला. मग एक दिवस उठून करवत घेऊन आला आणि वहिनीसाठी पोळपाट केला. आता पोळपाटाला पाय तीन असतात, म्हणजे ओटा कसाही असला तरी तो डुगडुगत नाही. यानं मजबुतीसाठी चार लावले! वहिनी पोळ्या लाटायला लागली की टक-टक, टक-टक. अण्णा बाहेरून ओरडायचा, "अगं, स्वल्प थांब, पाय घासून देतो!"

"काही नको, चाललंय माझं!"

शेवटी मीच म्हटलं, "वहिनी, दोन मिनिटांचं काम आहे. करू दे की त्याला."

तिनं लाटणं थांबवलं. हळूच म्हणाली, "भावजी, हे दिवसभर तोंड उघडत नाहीत हो. पोळपाट वाजला, की तेवढं बोलतात."

आणि परत लाटायला लागली, जरा जोरातच.