चाचांचे पॅड

मी आईस हॉकीचा मास्तर, आणि आमच्या लातुरात बर्फ फक्त रसवंतीत! म्हणून पोरी चाकाच्या स्केटवर शिकतात. गोलकीपर साक्षीचे पॅड गल्लीतल्या गादीवाल्या चाचांनी शिवले. आधी स्वतःच्याच पायाला बांधून म्हणाले, "मारा सर!" मी रबरी चकती सगळी ताकद लावून हाणली. चाचा नुसते हसले.

मग पॅड साक्षीला बांधले. मी दहा वेळा मारलं, तिनं दहाही वेळा अडवलं. तरी हेल्मेट काढून रुसून बसली.

"सर, मला हळू का मारायलात?"

"अगं, लागंल की!"

"मग काश्मीरच्या मॅचमध्ये तिथल्या पोरी हळू मारतील का?"

चाचा मधेच बोलले, "सर, पॅड में रुई मैं भरा. बच्ची में डर तुम कायको भर रहे?"