तिथं पार्किंग मिळत नाही

...नाही, पण मी म्हणते, समुद्राला कुणी पार्किंगवरून नाही म्हणतं का? तुम्हीच सांगा. परदेशात अख्खं सेमिस्टर काढलं, विषय काय, तर किनाऱ्याची धूप, म्हणजे समुद्र वाळू कशी खातो ते, आणि तो किनारा मी पाहिला कुठं, तर कॉम्प्युटरवर. नकाशे, आकडे, आलेख... खडक न् खडक पाठ, पण पाय म्हणून ओला नाही. रोज म्हणायचं रविवारी जाऊ, आणि रविवारी धुणं. त्यात इकडून आमच्या गाईड मॅडमचा निरोप, "तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न हाच विचारणार आहे, किनारा प्रत्यक्ष पाहिलास का? आणि फोटो स्वतः काढलेले आण." झालं का?

तर होस्टेलची खोली सोडली, विमानाला अवकाश होता, बाबा म्हणाले, काकांकडे जा. हे काका म्हणजे बाबांचे कॉलेजातले रूम पार्टनर, लिफ्टच्या कंपनीत साहेब, लग्न झाल्यापासून तिकडेच, त्या किनाऱ्याजवळच्या गावात. मुलं पांगलेली, घरात दोघंच, त्यामुळे माझे लाड असे, की विचारू नका. पण मी ठरवूनच गेले होते. पहिल्याच जेवणाला म्हटलं, "काका, मला समुद्र बघायचाय." काकांनी हातातला घास ताटात ठेवला.

"तिथं पार्किंग मिळत नाही."

म्हटलं, लांब लावू, चालत जाऊ. "अगं, लांब म्हणजे कुठं? गाडी उचलून नेतात." आणि मग मला कुठं नेलं माहितीये? फरशांच्या दुकानात. मला फरशी घ्यायची नाही, काकांना घ्यायची नाही, काकूंना तर मुळीच नाही. पण गाडी लावून उतरले आणि छाती फुगवून म्हणाले, "बघ, काय ऐसपैस पार्किंग आहे." तिथून हॉस्पिटलात. कुणी आजारी नव्हतं हो, तिथल्या लिफ्ट काकांनी बसवल्यात. आम्ही वर गेलो, खाली आलो, पुन्हा वर... "धक्का जाणवला?" "नाही काका." "कसा जाणवेल?" स्ट्रेचरवरचे एक आजोबा आमच्याकडे टुकूटुकू बघत होते, त्यांचा हॉस्पिटलवरचा विश्वासच उडाला असेल. संध्याकाळी पुन्हा विषय काढला, काका, समुद्र... काय उत्तर आलं, म्हणा तुम्हीच. तिथं पार्किंग मिळत नाही.

पण मीसुद्धा हट्टाला पेटलेली. विमान चुकलं तर चुकलं, समुद्र बघितल्याशिवाय हलायचं नाही. भांडी पुसताना काकूंना म्हटलं, तुम्ही तरी सांगा ना त्यांना. काकू हळूच म्हणाल्या, "आम्ही एकदा गेलो होतो. मुलं लहान होती. डबे भरले, टोप्या घेतल्या, अगदी शेवटच्या वळणापर्यंत पोचलो. गाडीला जागा मिळाली नाही, मग घरी येऊन डबे खाल्ले. आवाज ऐकू येत होता बरं का समुद्राचा." ते 'बरं का' मला फार लागलं. इतकी वर्षं त्या गावात राहून या बाईने समुद्र नुसता ऐकलाय, आणि मी नुसता नकाशात पाहिलाय. दोघींचा मिळून एक समुद्र पुरा होईना.

शेवटच्या दिवशी सकाळीच बूट घालून दारात उभी राहिले. म्हटलं, "मी बसने चालले." काकू आतून पर्स घेऊनच आल्या. "थांब, मीही येते." काका किल्ली हातात घेऊन, "अगं, पण तिथं पार्किंग..." काकू म्हणाल्या, "बस आम्हाला लावायची नाहीये." आणि चालायलाच लागल्या. थोड्या वेळानं मागून धापा टाकत काका हजर. बसमध्ये अख्खी वाट खिडकीबाहेर बोट, "ही जागा रिकामी आहे बघ... ही पण... आता आपण गाडी घेऊन आलो असतो तर असती का? नसती."

उतरलो. समोर भलंमोठं मैदान, पांढरे पट्टे आखलेलं, आणि त्यात एक सायकल. पार्किंग. तेही फुकट. आइस्क्रीमवाला म्हणाला, बांधून कित्येक वर्षं झाली की. काका तिथंच उभे राहिले, समुद्राकडे पाठ आणि पट्ट्यांकडे तोंड. एवढं रागावून आलेली मी, पण त्यांचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं हो.

काकू मात्र थांबल्या नाहीत. चपला हातात, सरळ पाण्यात. मग वळून म्हणाल्या, "अहो, या ना. ते पार्किंग कुठं पळून जात नाही आता." काका आले, पॅन्ट दुमडली, काकूंचा हात धरला, आणि लाट आली की दोघं लहान पोरांसारखे मागं पळायला लागले. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "आमचा एक काढ गं." काढला. "यांचे डोळे मिटले, परत काढ. आता थोरल्याला पाठवायला एक. आता धाकटीला. आता जरा बसलेला..." करता करता फोनची बॅटरी संपली.

परत आले, तोंडी परीक्षा झाली. मॅडमनी फोटो पडद्यावर लावायला सांगितले. पहिला पाहिला, दुसरा पाहिला, दहावा पाहिला, चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "जोडी छान आहे. किनारा कुठाय?"

म्हटलं, "आहे ना मॅडम, काकूंच्या डाव्या खांद्यावरून थोडासा दिसतो."